गाऱ्हाण्याआधीची आंघोळ

आमच्या केंद्राची इमारत मुळात हॉटेलसाठी बांधलेली. मालकाला कोणीतरी सांगितलं होतं की मालवणला जाणारे पर्यटक वाटेत आमच्या गावात मुक्काम करतील. समुद्र बघायला निघालेला माणूस समुद्र दिसायच्या आधी कशाला थांबेल, हे त्याला हॉटेल बांधून झाल्यावर कळलं. मग ती इमारत एका संस्थेने भाड्याने घेतली आणि तिथे विस्मरणाच्या आजाराच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र काढलं. मी तेव्हा सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त होऊन घरी बसले होते. खरं तर मला बसता येत नव्हतं, म्हणून घरातल्या माणसांना सुधारत होते. केंद्राला इन्चार्ज पाहिजे ही बातमी माझ्याआधी त्यांनाच कशी कळली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

हॉटेलच्या खुणा बरेच दिवस राहिल्या होत्या. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चेक-आउट सकाळी दहा वाजता'. आमच्याकडे राहणाऱ्या एक आजी पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. लिहिलेली सूचना पाळायची सवय त्यांच्या हाडात मुरलेली. रोज नाश्ता झाला की त्या पिशवी भरून दारात उभ्या राहायच्या आणि इतरांनाही आवरायला लावायच्या. दहाच्या सुमाराला अख्खं केंद्र चपला घालून फाटकाशी तयार. शेवटी मीच रंगाचा डबा आणून ती भिंत रंगवली.

पण ही गोष्ट आबांची आहे. आबा आतल्या एका शेतकरी गावातले, भात आणि काजू करणारे, उंच, काटक, आवाज असा की कुजबुजले तरी अंगणात ऐकू यावं. स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेले, पण राग कधी यायचा हे बरोबर लक्षात असलेले. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी आंघोळ करू दिली नव्हती. नुसतं 'न्हाणी' म्हटलं की आबा दाराची चौकट धरायचे. मग दोन माणसं लागली तरी चौकट सुटायची नाही, चौकटच सुटेल अशी भीती वाटायची. एकदा त्यांनी पितळेचा तांब्या भिरकावला तो सरळ माझ्या कपाळाला. टेंगूळ आलं. घरी विचारलं तर मी सांगितलं, कपाटाचं दार लागलं. घरात कोणीच विश्वास ठेवला नाही, कारण माझ्या वाटेत आलेलं दार सहसा स्वतःच बाजूला होतं.

अंगाला ओला कपडाही लावू न दिल्याने आबांच्या काखेत आणि मांड्यांत कातडी सोलायला लागली होती. संस्थेच्या कमिटीने बैठक घेतली आणि ठरवलं की आंघोळ जमत नसेल तर यांना घरी पाठवावं, जखमा चिघळल्या तर जबाबदारी आपली. घर म्हणजे मुलाचं घर, दोडामार्गला. तो आणि त्याची बायको दोघंही पहाटे गोव्यातल्या कारखान्याच्या बसमध्ये बसायची ती संध्याकाळी परत. मुलाने मला फोनवर सरळच सांगितलं, "सिस्टर, घराक नेलंय तर भायरसून कुलूप लावन जावक लागतला. आधीय लावलेला. आबा दिसभर खिडकेत उबो रवान हाका मारी." फोन ठेवल्यावर मी उगाच स्टोअर रूममध्ये जाऊन चादरी पुन्हा घड्या घालत बसले. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, पण तो खिडकीत उभा राहून हाका मारतोय हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

त्याच वेळी कमिटीला वाटलं की आम्हाला प्रशिक्षण कमी पडतंय. पुण्याहून एक मॅडम आल्या. तरुण, हसतमुख, बरोबर प्रोजेक्टर आणि रंगीत चिठ्ठ्या. तीन दिवसांचा वर्ग होता, शेवटच्या दिवशी ओरोसहून, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, साहेब येऊन सर्टिफिकेटं देणार होते. मुलालाही कमिटीने तोच दिवस दिला. तोवर आबांची आंघोळ झाली तर ठीक, नाहीतर त्याने आबांना घेऊन जायचं.

पहिल्या दिवशी मॅडमनी पडद्यावर पहिला नियम दाखवला. 'रुग्णाशी वाद घालू नका. चूक दुरुस्त करू नका.' आमची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आमच्या भागात समोरचा चूक बोलला आणि ऐकणारा गप्प बसला, तर ऐकणाऱ्याला ताप आलाय असं समजतात. इथे सगळ्यांनी तीन दिवसांत ताप आल्यासारखं वागायला शिकायचं होतं.

मग नाटुकलं झालं. आमच्या सगळ्यात जुन्या मावशी रुग्ण झाल्या, आमचा स्वैपाकी मदतनीस झाला. तोही रात्रपाळीला म्हाताऱ्यांचं बघायचा, म्हणून वर्गात होता. मॅडमनी मावशींच्या कानात वाक्य सांगितलं. मावशी डोळे किलकिले करून म्हणाल्या, "माजी म्हस अजून गोठ्यात इली नाय रे."

स्वैपाक्याने म्हणायचं होतं, 'काळजी वाटते ना? कशी आहे तुमची म्हैस?' तो म्हणाला, "तुज्याकडे म्हस खंय आसा? ती तू केदोच इकलस."

"इकलंय नाय! भावाक दिलंय!"

"आणि भावान इकल्यान. आख्ख्या वाडीक ठावक आसा."

"शिरा पडांदे तुज्या तोंडार, कोणी सांगल्यान तुका?"

दोघंही एकाच वाडीतले हे मॅडमना माहीत नव्हतं. मावशी उठून उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि आपण रुग्ण आहोत हे साफ विसरल्या. मॅडम "छान, छान, आता थांबू या" म्हणत मध्ये गेल्या तेव्हा स्वैपाकी त्यांनाच म्हशीची हकिकत सांगायला लागला.

त्या परीक्षेत एकच माणूस पास झाला. आमचा खारेपाटणचा मदतनीस, चाळिशीचा, तिथल्या बाजारपेठेतल्या मुसलमान व्यापारी घरातला. बापजाद्यांचं कापडाचं दुकान भावांकडे, हा इकडे. त्याला मावशीसमोर बसवलं तर तो मांडी घालून म्हणाला, "म्हस काळी होती की भुरी? बसा, सावकाश सांगा." मॅडम खूश. मी विचारलं, तुला हे कुठून आलं, तर म्हणाला, "गिऱ्हायक कदी चुकता काय, सिस्टर?"

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आबांकडे गेल्या. नियमाप्रमाणे खाली वाकून, डोळ्यांत बघून, गोड आवाजात, अगदी पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "आजोबा, आपल्याला आंघोळ आत्ता आवडेल की थोड्या वेळाने?"

आबांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मी सही करूचंय नाय."

मॅडमना समजेना. मी समजावलं. आबांच्या उभ्या आयुष्यात असल्या मऊ मराठीत त्यांच्याशी जे बोलले ते सगळे सरकारी कचेरीतले. आधी 'आजोबा, बसा' आणि मागून जमिनीच्या मोजणीचा कागद. मॅडमनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, "मग तुम्ही तुमच्या भाषेत विचारा ना." मी विचारलं, "आबा, चल, आंघोळ कर." आबा म्हणाले, "तुजी तू कर." आमचं दोघांचं नातं तेव्हा साधारण इथवरच पोचलं होतं.

मॅडम हरल्या नाहीत हे मात्र सांगायला हवं. त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या की हे आयुष्यभर काय करत होते. मी सांगत होते, शेती. मुलाने तेवढंच सांगितलं होतं. मग मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही आबांना कोयती दाखवली, सुपात भात घालून दिलं, काजूच्या बिया पुढ्यात ठेवल्या. आबांनी बिया खिशात भरल्या आणि पुन्हा जाऊन चौकट धरली.

मॅडमच्या शेवटच्या स्लाइडचा मथळा होता, 'काळजी घेणाऱ्यांची काळजी कोण घेणार?' ती उघडली आणि वीज गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडली तर साहेब निघालेत असा फोन आला आणि सगळे खुर्च्या मांडायला धावले. मॅडम वायर गुंडाळता गुंडाळता मला म्हणाल्या, "तुम्ही कशा आहात, सिस्टर?" मी म्हटलं, "मस्त." अशा प्रश्नाला सरकारी नोकरीत दुसरं उत्तर नसतं. दमलेली सिस्टर ही वस्तू रजेच्या अर्जाशिवाय अस्तित्वात येत नाही, आणि तो अर्ज नामंजूर होतो. शिवाय घरी कोणाच्या कानावर गेलं असतं की मी दमते, तर 'मग सोड ती नोकरी' म्हणून सगळे एका सुरात ओरडले असते.

साहेब निघाले होते, पण पोचत नव्हते. मुलगा मात्र वेळेवर पोचला होता. रिकामी मोठी पिशवी घेऊन फाटकाशी उभा होता. अंगणात आबा बसले होते त्या बाकाजवळ गेला, पायांना हात लावला, तर आबांनी मला विचारलं, "हो कोण?" मुलगा हसला आणि पुन्हा फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी खुर्च्यांवर ओरडत होते.

आमच्याकडे कुठलंही काम नारळाशिवाय सुरू होत नाही आणि संपतही नाही. आणि नारळ ठेवला की गाऱ्हाणं आलंच. गाऱ्हाणं म्हणजे एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून जोर लावायचा. साहेबांची वाट बघण्यापेक्षा तेवढं उरकून घेऊ, असं ठरलं. कोणीच पुढे येईना, तेव्हा स्वैपाक्याला ढकललं. पुण्याच्या मॅडमसमोर बोलायचं म्हणून तो एकदम शुद्ध झाला. नारळ धरून म्हणाला, "हे देवा महाराजा, आजच्या या समारोपाच्या कार्यक्रमास उपस्थित असलेल्या सर्व कर्मचाऱ्यांची सर्टिफिकेटं वेळेवर मिळण्याची व्यवस्था करण्यात यावी..."

"गप रव रे मेल्या!"

आवाज बाकावरून आला. आबा उभे होते. "देवाक नोटीस काढतस? असा सांगतत देवाक?"

ते तरातरा चालत पुढे आले. आमच्याकडे आल्यापासून ते इतकं सरळ चाललेलं कोणी पाहिलं नव्हतं. स्वैपाक्याच्या हातातून नारळ घेतला, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि थांबले. स्वतःच्या मळक्या सदऱ्याकडे बघितलं. मग आमच्याकडे असं बघितलं की आम्ही सगळे एक पाऊल मागे सरलो.

"माजी आंघोळ झाली नाय. पारोसो मी देवाकडे बोलतलंय? तुमका काय लाज? पाणी काढा!"

मग जी पळापळ झाली ती काय सांगू. मावशी चुलीकडे, खारेपाटणवाला बादल्यांकडे, मी टॉवेल, धोतर, मलम, जे हाताला लागेल ते घेऊन. नेमके तेव्हाच साहेब गाडीतून उतरले. स्वागताला कोणी नाही, आणि सगळं केंद्र बादल्या घेऊन धावतंय. त्यांनी मुख्याध्यापिका आजींना विचारलं, "आग लागली का?" आजी म्हणाल्या, "चेक-आउटची वेळ टळून गेलीय, तुम्ही उशीर केलात."

आबांनी न्हाणीत स्वतः सदरा काढला, स्वतः अंगावर पाणी घेतलं. मला पाठ चोळू दिली. जखमांना पाणी लागलं तेव्हा "हळू गो" म्हणाले, बस्स. साहेबांसकट सगळे अंगणात तुळशीपाशी वाट बघत उभे होते. मी बाहेर आले तेव्हा फाटकाशी उभा असलेला मुलगा मला म्हणाला, "गावात गाऱ्हाणा आबाच घाली." मी भडकलेच. इतके दिवस शेती शेती काय सांगत होतास? तो म्हणाला, "ता काम नाय गो सिस्टर, तो मान." त्याचंही बरोबर होतं. आणि मॅडमचंही बरोबरच होतं, फक्त आम्ही उत्तर अर्धंच दिलं होतं.

आबा धुतलेल्या धोतरात बाहेर आले आणि नारळ पुढे धरून बोलायला लागले. मुलाचं नाव न आठवणाऱ्या त्या माणसाला एका शब्दासाठीही अडायला झालं नाही.

"बा देवा म्हाराजा! आज तुजी लेकरा हयसर जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"जा काय तोडकामोडका केला हा, ता गोड मानून घी..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण झील पोटासाठी मुलूख सोडून भायर गेलो हा, त्येका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

या वेळी सगळ्यांत मोठा आवाज फाटकाकडून आला, आबांच्या झिलाचा, म्हणजे मुलाचा. पिशवी अजून त्याच्या हातातच होती.

कार्यक्रम झाला, चहा झाला, साहेब गेले. कमिटीवाले म्हणाले, एक दिवस आंघोळ झाली म्हणजे काय, उद्याचं काय? मुलगाही तेच म्हणाला, "आज झाली. फाल्या?" मी त्याला म्हटलं, "आज हयच रव. सकाळी बघ, आणि मगे ठरव." मॅडमची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, त्याही थांबल्या.

सकाळ झाली आणि आबांनी चौकट धरली. "कोण तुमी?" सुरुवातीपासून सुरुवात. पण या वेळी मी तयारीने आले होते. त्यांच्या हातात नारळ ठेवला आणि म्हटलं, "आबा, गाऱ्हाणा घालूचा आसा."

चौकट सुटली. "कोणाचा?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. स्वैपाकी पुढे झाला, "माजा, आबा. माजी तब्येत बरी नाय."

आबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "रेड्यासारखो दिसतस. देवाक फसवतस?" आणि हात पुन्हा चौकटीकडे.

मी मावशींकडे बघितलं. त्यांच्याकडे भावजयीविषयी खरंखुरं, वजनदार गाऱ्हाणं होतं हे मला ठाऊक होतं. पण स्वैपाकी शेजारी उभा असताना त्या बोलणं शक्य नव्हतं, संध्याकाळपर्यंत वाडीत पोचलं असतं. खारेपाटणवाला म्हणाला, "माजा सगळा बरा आसा." धंद्यातला माणूस, तो दुसरं काय सांगणार? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा दारात उभा होता, पिशवीत आबांचे दोन सदरे भरूनही झाले होते.

"माजा," मी म्हटलं.

"तुजा काय आसा गो?"

मला काहीतरी पटकन रचायचं होतं. गुडघे, रक्तदाब, नातवाची परीक्षा. पण आबा चौकटीला एक हात लावून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि खोटं बोलले तर पिशवीची चेन लागणार होती. मी म्हटलं, "मी दमलंय, आबा."

म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, सगळ्या स्टाफसमोर. मी खरंच दमले होते. कपाळावरच्या टेंगळापासून नव्हे, कितीतरी आधीपासून.

आबांनी मान हलवली. "ह्या खरा दिसता," ते म्हणाले. "पाणी काढा."

मुलानेच पाणी घातलं. आबांनी काही कुरकुर केली नाही. बाहेर येऊन ते तुळशीसमोर उभे राहिले, नारळ धरला, आम्ही मागे हात जोडले. आबा मागे वळून म्हणाले, "कोणाचा गाऱ्हाणा?"

"माजा, आबा."

"काय सांगू?"

दूधवाला नुकताच फाटकातून आत आला होता. तो माझ्या घरीही दूध घालतो. पण आता माघार घेऊन चालणार नव्हतं. "दमलंय मी!" मी ओरडून सांगितलं.

आबा देवाकडे वळले. "बा देवा म्हाराजा! ही बाय दमली हा."

"व्हय म्हाराजा!"

"तिका कोण इचारणा नाय."

"व्हय म्हाराजा!" हे स्टाफने जरा जास्तच जोरात म्हटलं. मॅडमचा आवाज थोडा मागून आला, त्या अजून शिकत होत्या. दूधवाल्याने कॅन खाली ठेवून हात जोडले होते.

"तिका वायच बसाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मुलगा आत गेला. आबांच्या खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा पिशवी घडी घालून त्याच्या काखेत होती. कोणीतरी माझ्यासाठी हॉलमधली खुर्ची अंगणात आणून ठेवली. मी डोळे पुसत तिच्याजवळ उभी होते, दुधाचं माप कोण घेणार याचा विचार करत. आबा आले, नारळ माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तू कोण गो?"

"दमलंय ती, आबा."

"मगे बस गो," ते म्हणाले.

मी बसले.